अंगच्या गुणांना किती गुण द्यावे?

आयर्लंडमधील मराठी घरांत मुलगा किंवा मुलगी सोळा वर्षांची झाली की एक प्रश्न हमखास निघतो. मुलाने व्हायोलिन शिकावे, हर्लिंग खेळावे, वृद्धाश्रमात जाऊन म्हाताऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवावे, हे सर्व चांगलेच. पण कॉलेजच्या प्रवेशाला त्याचा उपयोग किती? अमेरिकेतील मावशी फोनवर सांगते, "त्याच्यावाचून चांगल्या कॉलेजात कोणी उभे करीत नाही." इस्रायलमधील काका म्हणतात, "इथे मुख्यतः बगरूतचे मार्क आणि सायकोमेट्रिक परीक्षा, बाकी कोण विचारतो?" दोघेही आपापल्या देशापुरते खरेच बोलत असतात. परंतु या प्रश्नामागे एक दुसरा, अधिक खोल प्रश्न दडलेला आहे. माणसाच्या अंगच्या गुणांचे वजन परक्या माणसाने करावे काय, आणि करावयाचे तर कोणत्या तराजूने? आज आम्ही त्याचाच विचार करणार आहोत.

प्रथम आयर्लंडची रीत पाहू. येथील प्रवेश १९७६ साली स्थापन झालेल्या व गॉलवे शहरातून चालणाऱ्या सेंट्रल ॲप्लिकेशन्स ऑफिसमार्फत होतात. शालान्त म्हणजे लीव्हिंग सर्टिफिकेट परीक्षेतील सहा उत्तम विषय धरले जातात. वरच्या पातळीच्या पेपरात ९० टक्के किंवा अधिक मिळाले तर १०० पॉइंट, आणि वरच्या पातळीचे गणित उत्तीर्ण होणाऱ्यास २५ पॉइंट जादा. अशा रीतीने कमाल बेरीज ६२५ होते. कलाशाळेसाठी स्वतःच्या कामाचे नमुने, वैद्यकीसाठी निराळी चाचणी, असे काही अपवाद आहेत. गरीब घरच्या किंवा अपंग मुलांना कमी पॉइंटांवर प्रवेश देण्याच्या योजनाही आहेत. परंतु सर्वसाधारण मुलाच्या बाबतीत खेळ, संगीत, समाजसेवा यांना एक पॉइंटसुद्धा नाही. शेवटच्या जागेसाठी दोघांचे पॉइंट सारखे झाले, तर तेथेही कोणाचा स्वभाव बरा हे पाहत नाहीत. प्रत्येक अर्जाला आधीच दिलेल्या यादृच्छिक क्रमांकावरून, म्हणजे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे, निकाल लावतात.

पुष्कळांना ही रीत कोरडी वाटते. सहा विषयांच्या बेरजेत मूल मावते काय, असे ते विचारतात, आणि त्यांचे म्हणणे टाकाऊ नाही. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने २०१४ साली कायदा, इतिहास अशा काही अभ्यासक्रमांच्या २५ जागांपुरता एक प्रयोग केला. त्यात परीक्षेच्या पॉइंटांबरोबर विद्यार्थ्याने लिहिलेला मजकूर व आपल्याच शाळेतील इतरांच्या मानाने त्याचे स्थानही विचारात घेतले. हेतू चांगला होता. तरी तो सर्वांसाठी नियम झाला नाही. 'सारे काही उघड, कोणाचा वशिला नाही' या पॉइंटांच्या गुणावर या देशातील लोकांचा विश्वास आहे, आणि लहान देशात, जेथे जो तो एकमेकांना ओळखतो, तेथे या गुणाचे मोल फार मोठे आहे.

आता दुसरी बाजू. अमेरिकेत पुष्कळ कॉलेजांच्या सामाईक अर्जात अशा उपक्रमांसाठी दहा रकाने असतात व प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरांची जागा असते. मुलाची चार वर्षे त्या दहा रकान्यांत बसवावयाची. माणूस नुसत्या मार्कांहून मोठा आहे, हे या पद्धतीमागचे तत्त्व कोणालाही पटण्यासारखे आहे. परंतु ही पद्धत रुजली कशी, हे यहुदी वाचकांनी विसरता कामा नये.

१९२२ साली हार्वर्ड विद्यापीठात नवीन विद्यार्थ्यांपैकी सुमारे एक पंचमांश यहुदी होते. त्यांतील बरेच जण स्थलांतरितांची मुले, परीक्षेत हुशार. अध्यक्ष लॉवेल यांना ही संख्या जास्त वाटली व त्यांनी उघड मर्यादा घालण्याचा प्रस्ताव आणला. तो मान्य झाला नाही. मग अर्जात धर्म, आईचे माहेरचे आडनाव आणि वडिलांनी आपले नाव बदलले होते काय, असे प्रश्न आले. १९२६ पासून तर 'चारित्र्य' व 'व्यक्तिमत्त्व' यांना वजन देण्यात आले आणि अर्जासोबत फोटो मागविण्यात येऊ लागला. थोड्याच वर्षांत यहुदी मुलांचे प्रमाण बरेच खाली आले. परीक्षेत जे दार बंद करता येत नव्हते, ते स्वभावाच्या नावाने बंद करता आले.

ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट म्हणून सोडून द्यावी, तर २०१८ साली त्याच विद्यापीठाविरुद्ध चाललेल्या खटल्यात असे पुढे आले की, आशियाई वंशाच्या अर्जदारांना अभ्यासात व उपक्रमांत चांगले गुण असूनही 'व्यक्तिमत्त्वा'च्या रकान्यात प्रवेश कचेरीकडून सरासरीने कमी गुण मिळत होते. विद्यापीठाने भेदभाव केल्याचे नाकारले, व खालच्या न्यायालयाने ते मान्यही केले. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने वंश पाहून प्रवेश देण्याची पद्धत रद्द केली. त्या निकालाविषयी मतभेद आहेत व ते राहतील. आम्हांस येथे एवढेच दाखवावयाचे आहे की, ज्या मापाला ठराविक खुणा नाहीत, ते माप धरणाऱ्याच्या हाताप्रमाणे वरखाली होते. धनिकांचा हात लागला तर काय होते, तेही २०१९ साली दिसले. ज्यांनी कधी वल्हे हाती धरले नव्हते अशा मुलांना लाच देऊन नौकापटू म्हणून दाखल करविल्याबद्दल अमेरिकेतील आईबापांना शिक्षा झाल्या.

मग पॉइंटांची रीत निर्दोष आहे काय? तसेही नाही. येथे ज्यांना परवडते ते मुलांना 'ग्राइंड्स' म्हणजे खाजगी शिकवण्या लावतात, आणि त्या काही फुकट मिळत नाहीत. २०२० साली साथीमुळे लेखी परीक्षा रद्द झाली व शिक्षकांच्या अंदाजावर गुण दिले गेले, तेव्हा एकंदरीत गुण वर चढले. आपण ओळखतो त्या मुलाला कमी लेखणे कोणाच्याही जिवावर येते. सप्टेंबर २०२५ पासून काही विषयांत किमान ४० टक्के गुण लेखी पेपराबाहेरच्या कामाला ठेवण्याची सुधारणा सुरू झाली आहे, आणि ते काम मुलाने केले की घरच्यांनी, की यंत्राने, हा वाद लगेच उभा राहिला. तात्पर्य, कोणत्याही मापात पैसा व माया शिरतातच. मात्र मार्कांत ती शिरली तर निदान दिसतात. स्वभावाच्या मापात शिरली तर दिसतही नाहीत.

तेव्हा उपक्रमांना किंमतच नाही असे समजावे काय? आमचे म्हणणे अगदी उलट आहे. त्यांची किंमत मोठी आहे, म्हणूनच ती प्रवेशाच्या बाजारात मोडू नये. आणि ती ओळखावयाची तर तीन गोष्टी विचाराव्या. पहिली, मुलाला संधी किती होती? ज्याच्या आईची रात्रपाळी असते, आणि जो धाकट्या भावाला जेवू घालून शाळेत पोचवितो, त्याच्या त्या कामाला प्रशस्तिपत्रक मिळत नाही, परंतु ते कोणत्याही क्लबाच्या अध्यक्षपदाहून हलके नाही. दुसरी, पहिला उत्साह ओसरल्यावर तो किती दिवस टिकून राहिला? आणि तिसरी, कोणी पाहत नसते तरी त्याने ते केले असते काय? ही तिसरी गोष्ट जवळच्या माणसालाच ठाऊक असते. दूरच्या कचेरीत बसून १५० अक्षरे वाचणाऱ्याला ती कळणे शक्य नाही.

आपल्याच समाजातील उदाहरण घ्या. हाएम सॅम्युएल केहीमकर यांनी १८७५ साली मुंबईत आपल्या मुलांसाठी शाळा काढण्यात पुढाकार घेतला. तीच पुढे सर एली कदूरी हायस्कूल म्हणून नावारूपाला आली. त्यांनी बेने इस्राएलांचा इतिहास १८९७ साली लिहून ठेवला, पण तो तेल अवीव येथे छापला गेला १९३७ साली, आणि तेव्हा लेखक हयात नव्हते. चाळीस वर्षे हस्तलिखित पडून होते. या उपक्रमाला कोणत्या रकान्यात, किती गुण द्यावयाचे? गुण मिळावेत म्हणून ते लिहिले गेले असते, तर पहिल्या नकारालाच लेखणी खाली पडली असती.

आयर्लंडात या बाबतीत दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक, १९७४ साली प्रायोगिक म्हणून सुरू झालेले 'ट्रान्झिशन इयर'. यात परीक्षेच्या दोन टप्प्यांमधले एक वर्ष मुले कामाचा अनुभव, नाटक, सेवा यांत घालवितात. दुसरी, १९८५ साली सुरू झालेले राष्ट्राध्यक्षांचे 'गाश्क' पदक. त्यात मुलांची आपसांत स्पर्धा नसते. ज्याने त्याने स्वतःच ठरविलेले काम आठवड्यांमागून आठवडे नेटाने पुरे करावयाचे. पोहता न येणारा पोहायला शिकला तर तोही पात्र, आणि दुसऱ्याला पदक मिळाले म्हणून याचे हुकत नाही. दोहोंतूनही प्रवेशाला एक पॉइंट मिळत नाही, तरी हजारो मुले हे करतात. मिळत नाही म्हणूनच ते अजून त्यांचे स्वतःचे राहिले आहे, असे आम्हांस वाटते.

म्हणून आईबापांना आमची विनंती एवढीच. ज्या देशात अर्जावर उपक्रम लिहावे लागतात, तेथे मुलाने जे खरोखर केले ते साध्या शब्दांत लिहू द्यावे, एकही रकाना उसन्या पिसांनी भरू नये. आणि जेथे लिहावे लागत नाहीत, तेथे 'याचा उपयोग काय' असे म्हणून त्याचे व्हायोलिन माळ्यावर टाकू नये. कॉलेजचे दार एकदाच उघडावे लागते. त्याच्या आत शिरणाऱ्या माणसाला मात्र उभा जन्म आपल्याच संगतीत काढावयाचा असतो.