आहुती आणि साक्ष

वर्ध्याजवळच्या सेगावात, ज्याचे सेवाग्राम व्हायला अजून अवकाश होता, गांधीजींनी २० नोव्हेंबर १९३८ रोजी ज्यूंवर एक लेख लिहिला आणि सहा दिवसांनी तो ‘हरिजन’मध्ये छापून आला. त्याच्या दोनच आठवडे आधी जर्मनीभर सिनेगॉग जाळली गेली होती आणि हजारो ज्यू पुरुषांची छळछावण्यांत रवानगी झाली होती. गांधीजींच्या सहानुभूतीविषयी शंका घ्यायला जागा नाही. ख्रिस्ती जगाने ज्यूंना अस्पृश्यांसारखे वागवले, असे त्यांनीच लिहिले. मानवतेच्या नावाने एखादे युद्ध न्याय्य ठरायचेच असेल तर ते जर्मनीविरुद्धचे, हेही त्यांनी मान्य केले आणि लगेच कोणतेच युद्ध आपल्याला मान्य नसल्याचे सांगून टाकले. मग आला तो सल्ला: जर्मनीतल्या ज्यूंनी सत्याग्रह करावा. स्वेच्छेने सोसलेले दुःख कत्तलीच्या दिवसालाही आनंदाचा दिवस करू शकते, देवाला मानणाऱ्याला मरणाची धास्ती नसते. या सल्ल्याला लोक भाबडा म्हणतात, काही जण क्रूरही म्हणतात. माझ्या मते त्यातली खरी अडचण अहिंसा ही नव्हे. सोसणाऱ्याचे सोसणे कोणीतरी पाहतो आहे, हे त्यात न बोलता धरून चाललेले आहे आणि सारा लेख त्या एका गृहीतावर उभा आहे.

मार्टिन बूबर या तत्त्वज्ञाने फेब्रुवारी १९३९ मध्ये जेरुसलेमहून गांधीजींना लांबलचक उत्तर लिहिले आणि नेमके इथेच बोट ठेवले. नाझी राजवटीखाली पाच वर्षे काढून ते नुकतेच बाहेर पडले होते. ज्यूंमध्ये खरा सत्याग्रह आपण पाहिला आहे, पण त्याने समोरच्याच्या वागण्यात तसूभरही फरक पडला नाही, असे त्यांनी कळवले. ज्याची दखल घेणारा कोणी नाही ते हौतात्म्य वाऱ्यावर उधळले जाते, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. या पत्राला उत्तर आल्याची नोंद नाही. गांधीजींनी सत्याग्रह केला त्या दक्षिण आफ्रिकेत वर्तमानपत्रे होती, न्यायालये होती, हिंदुस्थानात खळबळ माजत होती, लंडनला जाब द्यावा लागत होता. सत्याग्रहीच्या पाठीवर पडलेला वळ कुठेतरी वाचला जात होता. १९३८ साली गॅसच्या कोठड्या कोणाच्या स्वप्नातही नव्हत्या, तेव्हा गांधीजींना दोष कसा द्यायचा, असा आक्षेप कोणी घेईल. तो बरोबर आहे, आणि मला दोष द्यायचाही नाही. पण बूबरनाही तेव्हा गॅसच्या कोठड्या ठाऊक नव्हत्या. त्यांना ठाऊक होते ते एवढेच, की साक्षीदार आधी नाहीसा करायचा, माणूस मागाहून, असा त्या राजवटीचा क्रम आहे.

गंमत अशी की गांधीजींचा सल्ला ज्यू परंपरेला परका नव्हता. ‘किद्दुश हाशेम’, म्हणजे देवाच्या नावाचे पावित्र्य राखण्यासाठी मरण, ही तिथली जुनी कल्पना. १०९६ मध्ये पहिल्या क्रुसेडच्या झुंडी ऱ्हाइनकाठच्या माइन्झ आणि वोर्म्समध्ये शिरल्या, तेव्हा बाप्तिस्मा घेण्यापेक्षा मरण बरे म्हणून कित्येकांनी स्वतःचा आणि पोटच्या मुलांचा अंत केला. त्या मरणात निवड होती. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ती निवडच काढून घेतली, कारण ज्यू कोण हे आजी-आजोबांवरून ठरू लागले. जन्माने ज्यू असलेल्या एडिथ श्टाइन कॅथलिक झाल्या, जोगीण झाल्या, तरी ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांना ऑशवित्झमध्ये मारण्यात आले. ज्याला नाकारता येत नाही त्याचे स्वीकारणे हे बलिदान कसे? वॉर्साच्या घेटोतले रब्बाय यित्झाक निसेनबाउम यांच्या नावावर एक विचार सांगितला जातो: पूर्वी शत्रूला आत्मा हवा होता म्हणून ज्यूने देह दिला, आता त्याला देहच हवा आहे, तेव्हा देह राखणे हाच धर्म. याला नाव पडले ‘किद्दुश हाखायिम’, जगण्याचे पावित्र्य. आपल्या ‘हुतात्मा’ शब्दात यज्ञकुंड आहे, आणि ‘होलोकॉस्ट’ या ग्रीक वळणाच्या शब्दाचा मूळ अर्थही संपूर्ण जाळलेला बळी असाच. आहुती म्हटली की ती देणारा हवा आणि घेणारा देव हवा. ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत यांपैकी कोण होते? म्हणूनच अनेक ज्यू तो शब्द टाळून ‘शोआ’, म्हणजे नुसता सर्वनाश, असे म्हणतात. याउलट अरबीतला ‘शहीद’ आणि ग्रीकमधला ‘मार्टिर’ या दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ साक्षीदार. माझा मुद्दा या दुसऱ्या अर्थाशी बांधलेला आहे.

साक्षीदार उरत नसेल तर तो घडवावा लागतो. चार लाखांहून अधिक माणसे कोंडलेल्या वॉर्साच्या घेटोत इतिहासकार इमॅन्युएल रिंगेलब्लुम यांनी नोव्हेंबर १९४० मध्ये हेच काम हाती घेतले. त्यांचे सहकारी शनिवारी जमत, म्हणून गटाचे नाव ‘ओनेग शब्बात’, शब्बाथचा आनंद. त्यांनी निबंध, रोजनिशा आणि जबान्या गोळा केल्याच, शिवाय रेशनची कार्डे, भित्तिपत्रके आणि खाऊच्या गोळ्यांचे वेष्टनकागदही जपले. २२ जुलै १९४२ पासून दोन महिन्यांत अडीच लाखांहून जास्त माणसे ट्रेब्लिंकाकडे नेली गेली आणि लिहिणारेही त्यांत जाऊ लागले. कागद पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये भरून नोवोलिप्की रस्त्यावरच्या एका शाळेखाली पुरले गेले. पेट्या १९४६ मध्ये निघाल्या, कॅन १९५० मध्ये. मार्च १९४४ मध्ये रिंगेलब्लुम सहकुटुंब मारले गेले. सुमारे साठ जणांच्या त्या गटातले तिघे वाचले.

आता सर्वांत अवघड आक्षेप. साक्षीने वाचले कोण? हेल्मनोच्या मृत्युछावणीतून निसटलेल्या माणसाची जबानी याच गटाने १९४२ च्या आरंभी टिपून घेतली. पोलिश भूमिगतांमार्फत घेटोतली माहिती लंडनला पोचली, बीबीसीवरून सांगितलीही गेली. आगगाड्या थांबल्या नाहीत. पाहणे आणि धावून येणे यांत अंतर आहे, आणि ते कागदांनी भरून निघत नाही. जिथे शेजाऱ्यानेच पाहिले तिथे मात्र निराळे घडले. १९४३ च्या ऑक्टोबरात डॅनिश लोकांनी सात हजारांवर ज्यूंना नावांमधून स्वीडनला पोचवले. त्याच वर्षी बर्लिनच्या रोझनश्ट्रासेवर ज्यू नवऱ्यांसाठी जर्मन बायका निःशस्त्र उभ्या राहिल्या आणि नवरे सुटले. ते त्यांच्यामुळेच सुटले का, यावर इतिहासकार अजून भांडतात. वॉर्सात ही सोय नव्हती. तिथे १९ एप्रिल १९४३ ला, ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या पूर्वसंध्येला, मोर्डेखाय अनिएलेविच आणि त्याच्या तरुण साथीदारांनी मूठभर पिस्तुले आणि हातबाँब घेऊन लढाई मांडली. आपण जिंकू असे त्यांच्यातल्या कोणालाच वाटत नव्हते. मग त्यांचे पिस्तूल आणि रिंगेलब्लुम यांचा दुधाचा कॅन यांत फरक किती? दोन्ही एकाच शून्यात फेकलेल्या हाका होत्या. शस्त्र धरले तो वीर आणि न धरले ती मेंढरे, ही पुढची वाटणी मला म्हणूनच आळशी वाटते.

सिनेमाने ही वाटणी पुष्कळदा घट्टच केली, कारण बंदूक पडद्यावर चांगली दिसते. ‘सन ऑफ सॉल’ (२०१५) हा हंगेरियन चित्रपट अपवाद. ऑशवित्झमध्ये प्रेते वाहून नेण्याच्या कामाला जुंपलेले कैदी उठाव आखत असताना, सॉल एका मुलाच्या दफनासाठी प्रार्थना म्हणणारा रब्बाय शोधत फिरतो आणि त्या नादात उठावाची दारूही हरवून बसतो. जिवंतांशी त्याने दगा केला का, हे दिग्दर्शक ठरवून देत नाही. आणि कॅमेरा स्वतःच खोटा साक्षीदार असू शकतो, हेही विसरता येत नाही. मे १९४२ मध्ये नाझींनी वॉर्साच्या घेटोत चित्रीकरण केले: श्रीमंत ज्यू मेजवानी झोडताहेत, शेजारी उपाशी ज्यू मरताहेत, अशी दृश्ये जुळवून. पुढे कित्येक वर्षे ती अस्सल पुरावा म्हणून वापरली गेली. एकच दृश्य पुन्हापुन्हा घेतल्याचे दाखवणारी फीत १९९८ मध्ये सापडली तेव्हा बनाव पुरता उघडा पडला. याएल हेर्सोन्स्कीने ‘अ फिल्म अनफिनिश्ड’ (२०१०) या माहितीपटात त्या फिती घेटोतून वाचलेल्या वृद्धांना एकेकट्याने दाखवल्या. खोटी मेजवानी, खरी भूक, खरे चेहरे. त्या वृद्धांतल्या एका बाईला या गर्दीत चालताना आपली आई तर दिसणार नाही ना, अशी भीती वाटते, आणि तरी ती पडद्याकडे पाहत राहते.