पत्र दोघांचं, संमती एकाची

फुकट ते पौष्टिक, असं आपण हसत हसत म्हणतो. मोफत ईमेलच्या बाबतीत ते बरंचसं खरं ठरलं, हे आधी मोकळ्या मनाने मान्य करू. 15 ऑगस्ट 1995 ला व्हीएसएनएलने इंटरनेट सर्वसामान्यांना खुलं केलं, तेव्हा कनेक्शन घेणं हा हजारो रुपयांचा मामला होता आणि ईमेलचा पत्ता त्या कनेक्शनला बांधलेला. पैसे भरणं थांबलं की पत्ता गेला. पुढच्याच वर्षी सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केलं, मग मुंबईतून रेडिफमेल आलं, आणि ज्याच्या घरी फोनसुद्धा नव्हता त्यालाही सायबर कॅफेत अर्धा तास बसून स्वतःचा पत्ता मिळायला लागला. मुलगी न्यू जर्सीत आणि आईवडील सांगलीत अशा घरांचं पत्राची वाट बघणं संपलं. पुण्यात कॉट बेसिसवर राहून एमपीएससीचा अभ्यास करणारा मुलगा वर्षात दोनदा खोली बदलतो. त्याला टिकाऊ पत्ता दिला तो या फुकटच्या ईमेलने. पोस्टाने नाही, घरमालकाने तर नाहीच.

या सोयीची किंमत काय, हा प्रश्न जोरात विचारला गेला 2004 मध्ये. हॉटमेलवर तेव्हा 2 एमबी जागा मिळायची. लग्नाचे चार फोटो आले की खातं भरलं. 1 एप्रिलला गूगलने 1 जीबी जागा देणारं जीमेल जाहीर केलं, तेव्हा तारीख बघून अनेकांना ती थट्टाच वाटली. जागा खरी होती. अटही खरी होती: पत्रातला मजकूर यंत्र वाचणार आणि त्याला जुळेल अशी जाहिरात शेजारी लावणार. त्याच महिन्यात 31 संघटनांनी गूगलला जाहीर पत्र लिहून ही सेवा तूर्त थांबवायला सांगितलं. त्यांच्या आक्षेपांपैकी एक मला आजही सगळ्यांत वजनदार वाटतो. जीमेल घेणाऱ्याने अटी मान्य केल्या असतील. त्याला पत्र पाठवणाऱ्याने कुठे केल्या आहेत?

2013 मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यायालयात जीमेल न वापरणाऱ्यांनीही हेच विचारलं. दावा फेटाळावा ही गूगलची मागणी न्यायाधीश लूसी कोह यांनी मान्य केली नाही, पण पुढे सगळ्यांचा मिळून सामूहिक दावा चालवायलाही परवानगी दिली नाही. 2017 मध्ये जाहिराती ठरवण्यासाठी पत्रं वाचणं थांबवत असल्याचं गूगलने जाहीर केलं आणि लोकांनी हुश्श केलं. यंत्राचं वाचणं अर्थात संपलं नाही, त्याचं कारण बदललं. फसवी पत्रं आणि व्हायरस अडवायला ते वाचावंच लागतं, आणि ते नको असं कोणी शहाणा म्हणणार नाही. पण विमानाचं तिकीट आलं की तारीख आपोआप कॅलेंडरमध्ये चढते, तीही वाचूनच. ईमेलवर आलेल्या पावत्यांवरून माणसाच्या खरेदीची यादी खात्यात तयार होत असते, हे 2019 मध्ये बाहेर आलं. त्याच्या आदल्या वर्षी वॉल स्ट्रीट जर्नलने दाखवून दिलं होतं की, इनबॉक्सची परवानगी घेणाऱ्या काही बाहेरच्या ॲप कंपन्यांत तर यंत्रच नव्हे, माणसंही ही पत्रं वाचत होती. स्वस्त खरेदीची सूचना हवी म्हणून कोणी एकाने ‘परवानगी आहे’वर बोट ठेवायचं, आणि वाचली जाणार त्याला आलेली दहा जणांची पत्रं.

यावर आपल्याकडचं ठरलेलं उत्तर आहे: “मला काय लपवायचंय?” सभ्य, सरळमार्गी माणसं हे थोड्या अभिमानानेच म्हणतात. नसेलही त्यांना काही लपवायचं. पण इनबॉक्स म्हणजे दुसऱ्यांनी आपल्याला लिहिलेलं. त्यात भाचीचं पत्र आहे, सासरी कसं चाललंय हे फक्त मामाला सांगणारं. मित्राने ‘कोणाला बोलू नकोस’ म्हणून पाठवलेला बायोप्सीचा रिपोर्ट आहे. लपवायचं आहे ते त्यांना, आणि ‘मला काय लपवायचंय’ म्हणतोय मामा.

मध्यंतरी सहज माझ्या इनबॉक्समध्ये ‘बायोडेटा’ हा शब्द शोधला. लग्नाच्या वयाची मुलं-मुली नात्यात असली की हे कागद फिरत फिरत सगळ्यांकडे येतात. जन्मवेळ, जन्मगाव, उंची, रंग, पगार, वडिलांचं निवृत्तीपूर्वीचं पद, मामांची नावं-गावं, दोन मोबाइल नंबर, आणि साडीतला एक फोटो. यातल्या कित्येकींची मुलं आता शाळेत जात असतील. ज्यांना मी कधी भेटलो नाही, त्यांची अख्खी माहिती माझ्या नावावरच्या फुकटच्या जागेत वर्षानुवर्षं पडून आहे, आणि माझा पासवर्ड गेला तर त्यांचंही सगळं जाणार, हे त्यांच्या गावीही नाही. याहूच्या सर्व म्हणजे 3 अब्ज खात्यांची माहिती 2013 मध्ये चोरीला गेली होती. कंपनीने हा पूर्ण आकडा मान्य केला 2017 मध्ये. तेव्हा ‘गेला तर’ हे नुसतं घाबरवणं नाही.

कोणी म्हणेल, भाचीचंही खातं तिथेच आहे, तिनेही अटी मान्य केल्याच की. केल्या, पण ज्याच्याबद्दल ती लिहिते त्या नवऱ्याने नाही. शिवाय बाजूला राहायचं म्हटलं तरी राहता येतं का? बेंजामिन माको हिल हे अमेरिकेतले संशोधक वर्षानुवर्षं स्वतःचा मेल सर्व्हर चालवत होते, आपली पत्रं गूगलच्या हाती नकोत म्हणून. 2014 मध्ये त्यांनी हिशेब मांडला, तेव्हा ज्या पत्रांना त्यांनी उत्तरं दिली त्यांतली निम्म्याहून अधिक गूगलकडून आलेली निघाली. समोरच्यांची खाती तिथे, म्हणून यांचीही पत्रं तिथे.

आधीच्या पिढ्यांची पत्रं पोस्टमनला माहीत असायची. खेड्यात तर तोच ती वाचून दाखवायचा. मनीऑर्डर किती आली, कोणाचं लग्न मोडलं, सगळं त्याला ठाऊक. त्या काळाचे गोडवे गायचं मला कारण नाही, पोस्टमनही पारावर बोलायचाच. फरक एवढाच की त्याने आगाऊपणा केला तर त्याला दारात उभं करून चार शब्द सुनावता यायचे. कंपनीला असं दारात उभं करता येत नाही. 2012 मध्ये विंडोजच्या गुप्त प्रती बाहेर गेल्या, तेव्हा मायक्रोसॉफ्टने फ्रान्समधल्या एका ब्लॉगरचं हॉटमेल खातं न्यायालयाच्या आदेशाशिवाय उघडून वाचलं. आमच्या अटींत हे बसतं, असं कंपनीचं म्हणणं. 2014 मध्ये ही गोष्ट उजेडात येऊन टीका झाल्यावर, यापुढे स्वतः न बघता प्रकरण पोलीस यंत्रणेकडे देऊ, असं तिने जाहीर केलं. ब्लॉगर धुतल्या तांदळासारखा नसेल. पण त्याला पत्र लिहिणाऱ्या बाकीच्यांचं काय?

पैसे मोजून घेतलेली सेवा हा थोडा उपाय आहे, पुरता नाही. पाठवलेलं पत्र शेवटी समोरच्याच्या खात्यातच उतरतं.

आता कायदा. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. पण माणूस स्वतःच्या वैयक्तिक किंवा घरगुती कामासाठी जी माहिती हाताळतो तिला हा कायदा लागू नाही. ते योग्यच आहे. मामा-भाचीच्या मध्ये सरकार कशाला? मात्र त्यामुळे तिथली जबाबदारी संपूर्ण मामावर येते. पत्र पुढे पाठवण्याआधी विचारणं, काम झाल्यावर दुसऱ्याचा कागद पुसून टाकणं, कोणत्याही ॲपला इनबॉक्स उघडून न देणं. यात अवघड काही नाही, फक्त कंटाळवाणं आहे.

खरा राग येतो तो सेवा केंद्रात. ऑनलाइन अर्जात ईमेलच्या रकान्यापुढे लाल चांदणी असते, म्हणजे तो भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. “काका, ईमेल आयडी?” “माझा कुठला रे? तुझाच टाक.” मग चालक एकतर स्वतःचाच टाकतो, किंवा तिथल्या तिथे काकांच्या नावाने खातं उघडतो. पासवर्ड बहुधा नाव आणि पुढे 123. नाव, मोबाइल, ईमेल, पासवर्ड सगळं एका ओळीत रजिस्टरमध्ये लिहिलं जातं, आणि ते रजिस्टर झेरॉक्स मशीनशेजारी उघडं पडलेलं असतं. काकांना या मोफत सेवेचा फायदा शून्य. ते खातं ते कधी उघडणार नाहीत. त्यांच्या नावाने अटी मात्र मान्य झालेल्या आहेत. चालकाला दोष देऊन उपयोग नाही, त्याच्या दारात रांग आहे. दोष त्या चांदणीचा आहे, आणि ती काढणं हे सरकारी कार्यालयात बसलेल्या कोणाच्या तरी हातातलं काम आहे.

शहरातल्यांनी हसू नये. आपल्या गृहनिर्माण संस्थेचं खातंही फुकटचंच असतं. त्यात सभासदांची आधार कार्डं, भाडेकरारांच्या प्रती, भाडेकरूंच्या पोलीस पडताळणीचे कागद. आणि आधीचे सेक्रेटरी फ्लॅट विकून बंगळुरूला गेले तरी त्यांच्या फोनवर ते अजून उघडतं. हे घरगुती काम नव्हे, कायदा इथे लागू होऊ शकतो. पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत पार्किंगचा विषय संपल्यावर, म्हणजे संपलाच तर, ऐन वेळच्या विषयात विचारून बघा: संस्थेच्या ईमेलचा पासवर्ड सध्या कोणाकोणाकडे आहे?