दयेची आस्थापना

सरकारी नोकरीत चार-दोन वर्षे काढलेल्या माणसास 'पुनर्रचना' हा शब्द नवा नाही. वरच्या मजल्यावर कोठे तरी एक तक्ता तयार होतो. त्यात चौकटी असतात, चौकटींना जोडणाऱ्या रेषा असतात, आणि एके दिवशी त्या रेषा इकडच्या तिकडे होतात. रेषा सरकली की माणूस सरकतो. आपणांपैकी बहुतेकजण अशाच एखाद्या रेषेबरोबर सरकत सरकत महाराष्ट्राबाहेर येऊन पोहोचलो आहोत. तेव्हा त्याबद्दल तक्रारीचा सूर काढण्याचा आमचा हेतू नाही. आमच्यापुढचा प्रश्न निराळा आहे. ज्या ठिकाणचे काम कागदांशी नसून मुक्या जिवांशी असते, तेथील माणसांची फेररचना करताना आपण नेमके काय हलवतो? केवळ पदे, की त्या पदांवरील माणसांनी जोडलेले असे काही, की ज्यास तक्त्यात चौकटच नसते?

हा प्रश्न आम्हांस पुस्तकातून सुचलेला नाही; तो आमच्या स्वतःच्या एका अर्जातून उद्भवला. २०२५ च्या पावसाळ्यात आमच्या वसाहतीत एका मुलास कुत्रे चावले. कोणते चावले हे कोणीच निश्चित पाहिले नव्हते. परंतु त्याच सुमारास, ११ ऑगस्ट रोजी, राजधानीच्या परिसरातील सर्व मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवावीत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्य पीठाने दिला होता. २२ ऑगस्ट रोजी त्रिसदस्य पीठाने त्यात बदल करून, पिसाळलेली वा आक्रमक कुत्री वगळता बाकीची, निर्बीजीकरण व लसीकरण करून मूळ जागी परत सोडावीत असे ठरविले. घरोघरी हाच विषय होता. वसाहतीच्या समितीने नगरपालिकेस अर्ज करण्याचे ठरविले, आणि मसुदा लिहिण्याचे काम साहजिकच आमच्याकडे आले. अर्ज उत्तम झाला. त्यात एकही शब्द खोटा नव्हता, आणि एकही कुत्रे ओळखू येईल असे वर्णन नव्हते. 'उपद्रवी भटकी कुत्री' एवढ्या तीन शब्दांत फाटकापाशी निजणारी लालीही आली. तिने आजवर कोणास दात दाखविला नव्हता, आणि आमची कन्या शाळेतून आली की ती जिन्यापर्यंत तिची सोबत करी.

गाडी आली तो प्रसंग आम्ही सज्जातून पाहिला. जाळे टाकण्याची वेळच आली नाही. गाडीतून एक वयस्क इसम उतरले, त्यांनी तोंडाने एक आवाज केला, आणि लाली शेपूट हलवीत आपण होऊन त्यांच्याकडे चालत गेली. तिच्यामागून आणखी चौघे गेली. आम्हांस वाटले, केवढे हे कसब! पुढे कळले की ते कसब नव्हते. हे गृहस्थ अकरा वर्षे नगरपालिकेच्या श्वानकेंद्रात कुत्र्यांना खाऊपिऊ घालण्याचे व त्यांच्या जखमा धुण्याचे काम करीत होते. लालीचे निर्बीजीकरण पूर्वी तेथेच झाले होते. तिच्या कानाची खूण त्या वेळची. नव्या पुनर्रचनेत त्यांना केंद्रातून काढून गाडीवर नेमले होते. कुत्री पकडणाऱ्याकडे जात नव्हती. ती आपल्या अन्नदात्याकडे जात होती.

पंधरा दिवस झाले तरी कुत्री परत आली नाहीत, तेव्हा कन्येच्या आग्रहास्तव आम्ही त्या केंद्रावर गेलो. तेथील अधीक्षकांनी आम्हांस सौजन्याने वागविले, आणि त्यांचे म्हणणे आम्हांस खोटे ठरविता येईना. पूर्वी सारा भार दोन-तीन माणसांवर असे. दिवसाचे बारा बारा तास काम, आठवड्याची सुटी नाही. आणि त्यांतला एक आजारी पडला की पिंजऱ्यांची साफसफाई अडून राही. आता आठ आठ तासांच्या तीन पाळ्या झाल्या, कंत्राटी माणसे आली, प्रत्येकास सुटी मिळू लागली. पकडणारे निराळे, सांभाळणारे निराळे, सोडणारे निराळे. कामाची विभागणी स्वच्छ झाली. गाडीवर नेमलेल्या त्या जुन्या माणसाने तर पकडलेल्या कुत्र्यांचा आकडा सर्वांच्या वर नेला होता. पुनर्रचना यशस्वी झाली, असा अहवाल गेला होता.

मग आम्ही नोंदवही पाहिली. कुत्र्याचा क्रमांक होता, तारीख होती. 'कोठून आणले' या रकान्यात मात्र पहिल्या ओळीखाली पानभर 'वरीलप्रमाणे', 'वरीलप्रमाणे' असे लिहिलेले. ज्याने लिहिले त्यास आम्ही दोष देत नाही. आम्हीही आयुष्यात पुष्कळ ठिकाणी 'वरीलप्रमाणे' लिहिले आहे. परंतु पकडलेल्या जागीच परत सोडावे हा नियम जेथे आहे, तेथे हा एक शब्द म्हणजे एका जिवाचे गाव पुसून टाकणे होय. पाळीवरच्या मुलांना कुत्री ठाऊक नव्हती. ती आठवड्यापूर्वीच कामावर आलेली. संध्याकाळी गाडी परतली. त्या चाचांनी दोन पिंजऱ्यांवरून दृष्टी फिरविली आणि आमच्या फाटकाची चार कुत्री बोटाने दाखविली. पाचवे, भुऱ्या, त्यात नव्हते. चार दिवसांपूर्वी दुसऱ्या तुकडीने ते दुसऱ्याच कोणत्या वस्तीत सोडले होते.

निघताना आम्ही चाचांना म्हटले, "तुमच्यामुळे कुत्र्यांना जाळ्याचा त्रास तरी होत नाही." त्यावर ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाबूजी, पकडायला माझी ना नाही. पण मग सोडायलाही मलाच पाठवा. मी नेले आणि मी आणले, एवढे तरी त्यांना कळू द्या."

या साध्या मागणीत मोठा विचार आहे असे आम्हांस वाटते. तो नीट पाहावयाचा तर थोडे मागे गेले पाहिजे. दयेची पदे निर्माण करणे ही काही आजची कल्पना नव्हे. अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसे आणि पशू या दोहोंच्या चिकित्सेची व्यवस्था केल्याचे नमूद केले आहे, आणि पाचव्यात धर्ममहामात्र नावाचे नवे अधिकारी नेमल्याचे सांगितले आहे. परंतु अशा पदांचा धोका ओळखला तो कौटिल्याने. अर्थशास्त्रातील गोऽध्यक्षाच्या प्रकरणात तो शंभर शंभर गाईंमागे पाच माणसे नेमावयास सांगतो: गाई राखणारा, म्हशी राखणारा, धार काढणारा, ताक घुसळणारा आणि श्वापदांपासून रक्षण करणारा व्याध. त्यांना वेतन द्यावयाचे ते रोख द्यावे; दूधतुपाच्या रूपाने देऊ नये. कारण तो स्पष्ट सांगतो: ज्यांचे पोट दुधातुपावर चालते ते वासरांना मारतील. कौटिल्याने गुराख्यांना दुष्ट म्हटलेले नाही. त्याने एवढेच जाणले की ज्या मापाने माणसाचे काम मोजावे त्या मापाचा तो होतो. आणि ते माप ठरविणारा गुराखी नसतो, ठरविणारा कचेरीत बसलेला असतो.

याचे प्रत्यंतर आपल्या मुंबईने पाहिले आहे. १८३२ साली मोकाट कुत्री मारण्यासाठी पोलिसांस दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस ठेवले गेले. बक्षिसाच्या मोहाने शिपाई घरांत शिरून पाळलेली कुत्रीही मारू लागले, आणि त्या वर्षीच्या जून महिन्यात पारशी समाज खवळून उठून शहरात दंगल झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जिजीभाई प्रभृतींच्या पुढाकाराने मुंबईचे पांजरपोळ उभे राहिले. ते शिपाई जात्याच क्रूर होते असे मानण्याचे कारण नाही. त्यांचे काम आठ आण्यांच्या मापाने मोजले गेले. क्रौर्य त्या मापात होते.

येथे कोणी म्हणेल, आकड्यांना एवढे दूषण का देता? पिसाळ रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस बहुधा वाचत नाही. वस्तीतील सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस टोचली तर रोगाची साखळी तुटते, हे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. आणि ७० टक्के म्हणजे आकडाच. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. संत नामदेव पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, ही आपल्या सर्वांची आवडती कथा. पण ते कुत्रे एक होते. नगरपालिकेपुढे हजारो कुत्री असतात आणि हजारो मुलेही असतात. त्या मुलांवरची दया आकड्यांवाचून पार पडणार नाही. म्हणून मोजणे हे पाप नव्हे. प्रश्न एवढाच, की प्रत्येकजण मोजतच असेल, तर ओळखणारा कोण?

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे, आणि तो आमच्याच पेशातून येतो. पद महत्त्वाचे, व्यक्ती नव्हे, हे राज्यकारभाराचे तत्त्व आहे, आणि ते न्यायाचे तत्त्व आहे. खिडकीशी आलेल्या नागरिकाचे काम आत कोणता कारकून बसला आहे यावर अवलंबून असता कामा नये. आमची बदली झाली म्हणून कोणाचे निवृत्तिवेतन अडले, तर ती आमच्या थोरवीची नव्हे, व्यवस्थेच्या दारिद्र्याची खूण होय. मग केंद्रातील एका माणसावाचून अडावे का?

पुष्कळ विचारान्ती आम्हांस याचे उत्तर असे दिसते. नागरिक अर्ज करू शकतो. त्याचे नाव, गाव, गाऱ्हाणे तो स्वतः कागदावर उतरवितो. म्हणून आतला माणूस अनोळखी असला तरी चालतो. अर्ज ही ओळखीची जागा घेणारी वस्तू आहे. परंतु जो जीव अर्ज करू शकत नाही, मी या फाटकाचा, मला दुसरीकडे सोडू नका, असे सांगू शकत नाही, त्याच्या बाबतीत ओळखणारा माणूस हाच त्याचा अर्ज असतो. त्या माणसास हलविले की फाईलमधून अर्जच काढून घेतल्यासारखे होते. हे कुत्र्यांपुरतेच खरे नाही. तान्ही मुले, बेवारस वृद्ध, बुद्धी हरपलेले रुग्ण यांच्या संस्थांतही हेच घडत असणार.

म्हणून पुनर्रचना करू नये असे नाही. चाचांना बारा तास राबवून घेऊन त्यांच्या मायेची स्तुती करणे हा तर शुद्ध दांभिकपणा होईल; गरिबाच्या चांगुलपणावर फुकट संस्था चालविण्याचा हा प्रकार आहे. पाळ्या हव्यात, सुटी हवी, विभागणी हवी. परंतु त्या तक्त्यात एक तरी चौकट अशी हवी की जिचा धारक आकड्याने मोजला जाणार नाही. आणलेला प्रत्येक जीव कोठला आहे आणि तो कोठे गेला, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर त्याने द्यावयाचे. आणि पकडणारा हात व सोडणारा हात शक्यतो एकच असावा. २००१ च्या श्वाननियमांत पकडणाऱ्या तुकडीबरोबर प्राणिकल्याण संस्थेचा एक प्रतिनिधी असावा असे होते. असाध्य रोगाने पीडलेल्या कुत्र्यास मरण द्यावयाचे तर ते दुसऱ्या कुत्र्यादेखत देऊ नये, असेही होते. ज्या नियमकर्त्यास पिंजऱ्यातील दुसऱ्या कुत्र्याच्या डोळ्यांची आठवण राहिली, त्याच्या परंपरेत ही एक चौकट बसण्यास अडचण पडू नये. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी न्यायालयाने शाळा, रुग्णालये, स्थानके अशा जागांवरून उचललेली कुत्री परत तेथे सोडू नयेत, निवाऱ्यात ठेवावीत असा आदेश दिला. त्या कुत्र्यांना तर सोडणारा हातच उरत नाही. त्यांच्या वाट्याला पाळीगणिक बदलणारे तोंड येणार असेल, तर निवारा आणि कोंडवाडा यांत भेद तो काय राहिला?

आम्ही समितीच्या वतीने दुसरा अर्ज लिहिला. या खेपेस मसुदा पूर्वीइतका सुबक झाला नाही, कारण त्यात भुऱ्याचे वर्णन होते: अंगावर करडे पट्टे, डावा पाय किंचित आखूड, फटाक्यांना भितो. आमच्यावरच्या साहेबांनी पाहिला असता तर अप्रस्तुत म्हणून तांबड्या शाईने छाटला असता. 'प्रकरण विचाराधीन आहे' असे उत्तर आले. त्या वाक्याचे वजन आपणा सर्वांस ठाऊकच आहे. ते आम्हीही अनेकांस लिहिले आहे.

लाली फाटकापाशी निजते. गाडी वसाहतीत आली आणि तीतून चाचा उतरले, की ती अजून शेपूट हलवीत पुढे जाते. तिच्या त्या विश्वासास चाचा पात्र आहेत. आम्ही, ज्यांनी 'उपद्रवी भटकी कुत्री' हे तीन शब्द लिहिले, ते पात्र आहोत की नाही, हे मात्र भुऱ्या परत आला तरच आम्हांस विचारता येईल.