टाकले म्हणजे सुटले काय?

गतवर्षी भाद्रपदात कोकणात समुद्रकाठच्या एका गावी कीर्तनास गेलो होतो. पहाटे वाळूवर उतरलो, तो भरतीने आणलेल्या बाटल्या, पिशव्या, पेले यांची रांग लांबवर पसरलेली. बरोबरचा कोळी म्हणाला, "ह्ये आमचं न्हाय, महाराज. दर्यानं टाकलंय."

"अन् दर्याला कोणी दिलं?"

त्याने खाडीकडे बोट केले. "वरून येतंय. तुमच्याकडनंच."

आदल्या रात्री यजमानांनी दिलेली पाण्याची बाटली मी मंडपातच टाकून आलो होतो. परतून पाहतो तो मंडप झाडून झालेला. कचरा कोठे नेला ते कोणास सांगता येईना. तेव्हापासून प्रश्न पडला आहे: वस्तू टाकली म्हणजे तिच्याशी आपला संबंध सुटला काय?

पाठशाळेत तर्कसंग्रह शिकताना आम्ही अभावाचे चार प्रकार पाठ केले. त्यांतला प्रध्वंसाभाव म्हणजे असलेल्या वस्तूचा नाश. घट फुटला, घट उरला नाही. पत्रावळ उकिरड्यावर टाकली, तिची माती झाली. आपली टाकण्याची सवय अशा वस्तूंवर बेतलेली. प्लास्टिकचा पेलाही उन्हाने, लाटांनी फुटतो. पण प्लास्टिक तिळाएवढे, पुढे धुळीएवढे होऊन राहतेच. मासे, कासवे ते अन्न समजून गिळतात. तेव्हा हा नाश नव्हे, नुसते दृष्टीआड होणे. २०१० या एका वर्षात ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन प्लास्टिक समुद्रात गेले, असा शास्त्रज्ञांचा अदमास आहे.

कोणी म्हणेल, "आमचं पंढरपूर कुठं, समुद्र कुठं?" अहो, चंद्रभागा म्हणजे भीमा. ती कृष्णेला मिळते, आणि कृष्णा आंध्रात बंगालच्या उपसागराला. वाळवंटात टाकलेला पेला काठी रुतेल, धरणात अडकेल, नाहीतर पुराबरोबर पुढे जाईल. तो कोठे थांबावा हे टाकणाऱ्याच्या हाती उरत नाही. दोषाचे मूळ तेच.

मग प्लास्टिकला शिवूच नये काय? तसे नव्हे. आषाढीच्या वाटेवर प्लास्टिकचा कागद पांघरणाऱ्या माउलीला दोष देणारा मी कोण? ती तो झटकून, घडी घालून पुढल्या वारीला नेते. दोष वस्तूत नाही. घटकाभर वापरून तिची काळजी सोडण्यात आहे. कर्तव्याचा मोहाने केलेला त्याग गीतेने तामस म्हटला आहे. आणि हा दोष पिणाऱ्याइतकाच वाटणाऱ्याचाही. पुण्य म्हणून पाणी पाजायचे, तर ते तांब्याने ओंजळीत घालावे.

"पण एकट्यानं काय होणार?" मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अफरोज शाह या वकिलाने ऑक्टोबर २०१५ मध्ये एका वृद्ध शेजाऱ्यासह कचरा उचलण्यास आरंभ केला. पुढे शेकडो हात लागले. मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूवरून कासवाची पिल्ले समुद्राकडे जाताना लोकांनी पाहिली. तरी भरती पुन्हा कचरा आणतेच. म्हणून उचलणे चांगले, पण न टाकणे त्याहून थोर.

तात्पर्य, वस्तूचा शेवट होईतो ती आपलीच. मी आता झोळीत तांब्या बाळगतो. मंडपातली ती बाटली आज कोठे असेल, पांडुरंग जाणे. तिचा धनी मात्र मीच आहे.

रामकृष्णहरि.