दैव आणि दायित्व : हेन्चर्डची कबुली

टॉमस हार्डीच्या ‘द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज’ (१८८६) या कादंबरीचा विचार बहुधा नियतिवादाच्या अंगाने होतो. मद्याच्या अमलाखाली मायकेल हेन्चर्ड जत्रेत पत्नीला पाच गिनींना विकतो. पुढे योगायोगांची साखळी त्याला नगराध्यक्षपदावरून निराधारपणाकडे नेते. हा ऱ्हास दैवकृत मानल्यास नैतिक दायित्वाला जागा उरते काय?

दैव प्रसंग निर्माण करते, प्रतिसाद नव्हे, असे कादंबरीची संरचना सुचविते. न्यायासनावर बसलेल्या हेन्चर्डसमोर त्या विक्रीची साक्षीदार म्हातारी आरोपी म्हणून येते, हा योगायोग. तिचे म्हणणे नाकारणे सहज शक्य असता तो ते मान्य करतो, ही त्याची कृती. उलट, न्यूसन आपल्या मुलीचा शोध घेत येतो तेव्हा एलिझाबेथ-जेन मरण पावल्याचे तो सांगतो. हे असत्यही त्याचेच.

यावर आक्षेप संभवतो : स्वभाव तरी माणूस कोठे निवडतो? स्वभावच दैव ठरल्यास वरील भेद निरर्थक होतो. परंतु कबुली आणि असत्य ही दोन्ही एकाच उतावळ्या स्वभावातून उद्भवतात. म्हणजे स्वभाव आवेग पुरवितो. त्याची नैतिक दिशा निश्चित करीत नाही. दायित्व संभवते ते या अवकाशात.

आपले स्मरणही कोणी ठेवू नये, असे हेन्चर्ड मृत्युपत्रात लिहितो. अपराधाच्या मानाने ही शिक्षा अधिक आहे. पण तीत दैवाला बोल लावलेला नाही. त्याची शोकात्म प्रतिष्ठा यातच आहे.