अडीच इंचांचा प्रश्न

'बाबा, इट्स लीगल!' हे गेल्या उन्हाळ्यातलं आमच्या चिरंजीवांचं पालुपद. विषय होता आमचा पिकअप ट्रक.

झालं असं, की मुलाला लायसन्स मिळालं तेव्हा २०१४ सालची टोयोटा टॅकोमा आम्ही सेकंडहँड घेतली होती. तिच्या शॉक अब्सॉर्बरमधून तेल गळू लागलं. गॅरेजवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून मी ठरवलं, शॉक्स घरीच बसवायचे. मी लहान असताना वडील दर रविवारी बजाज स्कूटरचा प्लग काढून घासत बसायचे आणि मी पान्हे देत असे. तसाच एक शनिवार-रविवार आपल्यालाही मिळेल, हा छुपा हेतू होताच.

आम्ही मागवलेल्या पुढच्या शॉक्सच्या नळीवर गोल खाचा असतात. एका खाचेत रिंग बसवायची आणि तिच्यावर स्प्रिंगची बैठक टेकते. रिंग सर्वांत खालच्या खाचेत घातली तर ट्रकची मूळ उंची राहते. सर्वांत वरच्या खाचेत घातली तर ट्रकचं नाक सुमारे अडीच इंच वर येतं. पिकअपचं नाक कारखान्यातून थोडं खाली झुकलेलंच येतं, मागे सामान भरल्यावर गाडी सपाट व्हावी म्हणून. पण रिकामा ट्रक मिरवणाऱ्यांना हे झुकणं आवडत नाही. आमच्या लेकाचीही निवड ठरलेली होती: सर्वांत वरची खाच!

मी कायदा वाचला. आमच्या नॉर्थ कॅरोलिनात गाडीची उंची सहा इंचांपेक्षा जास्त बदलायची असेल तर परवानगी लागते. पुढचं नाक आकाशाकडे आणि मागची बाजू जमिनीकडे अशा 'कॅरोलिना स्क्वॉट' गाड्यांची फॅशन वाढली, तेव्हा १ डिसेंबर २०२१ पासून आणखी एक नियम आला. पुढचा फेंडर मागच्यापेक्षा चार इंच किंवा त्याहून उंच करता येत नाही. आमचे अडीच इंच दोन्ही नियमांत आरामात बसत होते. मी होकार दिला.

दाबलेली स्प्रिंग निसटली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून ती शॉकवर चढवण्याचं काम गॅरेजमध्ये करून घेतलं. बाकी सगळं आम्ही दोघांनी केलं. ट्रक स्टँडवर चढवला, गंजलेल्या बोल्टांशी झटापट केली आणि टॉर्क रेंचचा 'टक्' आवाज येईपर्यंत एकेक नट आवळला. रबरी बुश असलेले बोल्ट चाकं जमिनीवर टेकून गाडीचा भार आल्यावरच शेवटचे आवळायचे असतात, हे त्याने मला शिकवलं! संध्याकाळी दोघंही काळेकुट्ट आणि खूश होतो.

रात्री बायको कोरोला घेऊन आली आणि ड्राइव्हवेत थांबली. मुलाने कौतुकाने ट्रकचे दिवे लावले. तिने डोळ्यांवर आडवा हात धरला.

मी कागद घेऊन बसलो. पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर सुमारे १२७ इंच. नाक अडीच इंच वर गेलं, तर पंचवीस फुटांवरच्या भिंतीवर प्रकाशझोत जवळजवळ ९ इंच वर चढतो. 'त्यात काय, स्क्रू फिरवून खाली करू,' मुलगा म्हणाला. ते खरंच होतं आणि आम्ही ते केलंही. पण बंपर कोणत्या स्क्रूने खाली येणार?

अमेरिकेत कारचा बंपर जमिनीपासून १६ ते २० इंचांच्या पट्ट्यात टक्कर झेलेल असा असावा लागतो. पिकअपला हा नियम नाही. उंच गाडी कारवर चढू नये म्हणून मोटार कंपन्यांनी २००३ साली आपसांत करार केला आणि सप्टेंबर २००९ पर्यंत पिकअप-एसयूव्हींच्या पुढच्या सांगाड्याची उंची कारशी जुळवायचं ठरवलं. इंजिनिअरांनी इतक्या खटपटीने जुळवलेली ती उंची बाप-लेकांनी एका दुपारी, केवळ ऐटीसाठी बिघडवली होती. पायी चालणाऱ्यांचं तर विचारूच नका. इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने २०२३ साली सुमारे १८,००० अपघात तपासले. हूड ४० इंचांपेक्षा उंच असेल, तर ३० इंच किंवा त्याहून कमी उंचीच्या उतरत्या नाकाच्या गाडीपेक्षा पादचाऱ्याचा मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

मंडळी, मला अस्वस्थ केलं ते याने. मी स्टँड न लावता गाडीखाली शिरलो तर धोका माझा, निवडही माझी. पण उंचीचा धोका मी समोरच्या कोरोलातल्या माणसाच्या पदरात टाकतो, आणि त्याला कुणी विचारलेलंच नसतं. 'माझी गाडी, माझी मर्जी' हे वाक्य माझ्या बंपरपाशी संपतं. भारतात मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम आहे. कारखान्याच्या मूळ रचनेत मन मानेल तसा बदल करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली सांगितलं. इथे त्या मानाने मोकळीक आहे. वार्षिक तपासणी होते, पण मी प्रत्येक बोल्ट नीट आवळला का, हे कोणी पाहत नाही. ही मोकळीक म्हणजे अनोळखी माणसांनी माझ्यावर टाकलेला विश्वास आहे. कायद्याने आखलेली रेघ शिक्षा कुठे सुरू होते ते सांगते. मी कुठे थांबावं, हे मलाच ठरवावं लागतं.

ज्याला डोंगरातल्या खडकाळ वाटेने रोज जायचं आहे, त्याने ट्रक उंच केला तर माझी तक्रार नाही. त्याला गरज आहे. आम्हाला ग्रोसरी आणि शाळेचं पार्किंग.

मी मुलाला कोरोलात आईच्या सीटवर बसवलं आणि ट्रक समोर आणून उभा केला. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग खाली मान घालून म्हणाला, 'म्हणजे पुन्हा सगळं खोलायचं?'

पुढचा शनिवार त्यातच गेला. पुन्हा गॅरेज, पुन्हा पैसे, पुन्हा तेच बोल्ट. रिंग सर्वांत खालच्या खाचेत गेली. दिव्यांचा स्क्रूही परत फिरवावा लागला.

आम्ही काही संत झालो नाही. मूळ उंचीचा पिकअपसुद्धा कोरोलापेक्षा उंचच आहे, आणि आम्ही अडीच इंच सोडले तरी ट्रक सोडलेला नाही. मुलाने हे मला ऐकवलंही, आणि माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. दसऱ्याला त्याने हळद-कुंकू लावून टॉर्क रेंच पूजेत मांडला, आणि हार घालायला ट्रकच्या आधी आईच्या कोरोलाकडे गेला.