आधी सोय, मग किल्ली

सत्तरी ओलांडलेल्या वडिलांना गाडी सोडायला सांगताना आपण डोळे, गुडघे, रहदारी यांबद्दल बोलत असतो. त्यांना ऐकू येतं ते वेगळंच: उद्यापासून मंडईत, बँकेत, मित्राकडे जायचं तर कुणाला तरी विचारावं लागणार. पुण्यातला काय किंवा तालुक्याच्या गावातला काय, निवृत्त माणसाला स्कूटरपेक्षा न विचारता घराबाहेर पडणं प्यारं असतं. आयुष्यभर इतरांना सोडणाऱ्या-आणणाऱ्या माणसाला ‘वेळ आहे का रे तुला?’ म्हणणं जड जातं. स्कूटी चालवणाऱ्या आईचंही तेच. हे ध्यानात आलं की प्रश्न नीट मांडता येतो: विचारायची पाळी कमीत कमी कशी येईल?

धोका खराच असतो. ताशी ४० किलोमीटर वेगात स्कूटर सेकंदाला ११ मीटर जाते. ब्रेक दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला की साडेपाच मीटर गेले. मोतीबिंदू वाढला की समोरून येणाऱ्या हेडलाइटचा प्रकाश डोळ्यांत पसरतो आणि पलीकडचा माणूस दिसेनासा होतो. काचबिंदू कडेची नजर गुपचूप खातो. समोरचं स्पष्ट दिसतंय तोवर शंकाही येत नाही. पण हे ऐकवून काही पटत नाही, कारण रोजच्या रस्त्यावर गाडी सवयीनं चालत असते.

म्हणून एखाद्या सकाळी त्यांच्या मागे बसून जावं आणि नुसतं बघावं. सिग्नलच्या बऱ्याच अलीकडे दोन्ही पाय जमिनीला लागतात का? उजवीकडे वळायला नको म्हणून लांबचा रस्ता धरतात का? घरी आल्यावर डबल स्टँडवर गाडी ओढायला वॉचमनला हाक मारतात का? दिसेल ते असं, की त्यांना स्वतःला केव्हाच कळलंय आणि ते न बोलता जपून वागू लागलेत. बोलणं तिथूनच सुरू करावं. ‘बाबा, हल्ली अंधार पडल्यावर तुम्ही गाडी काढत नाही, ते बरं करता. पावसातही नको काढू या का?’ रात्र सुटते, मग पाऊस, मग हायवे, मग नातवाला पुढे उभं करणं. प्रत्येक वेळी निर्णय त्यांचाच राहतो.

कायदाही एक निमित्त देतो. आपल्याकडे गाडी चालवायला वयाची वरची मर्यादा नाही. पण पंचावन्नच्या पुढे परवान्याचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठीच होतं आणि त्याला डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. ते पुष्कळदा सही-शिक्क्यावर भागवलं जातं. तसं न करता डोळे, कान, मान, चालू असलेल्या गोळ्या हे सगळं खरोखर तपासून घ्यावं. ‘आता पुरे’ हे मुलाच्या तोंडून ऐकलं की अपमान वाटतो. डॉक्टरांनी म्हटलं तर तो सल्ला असतो. मात्र तपासणी हा सापळा होऊ नये. मोतीबिंदू काढल्यावर नजर सुधारली आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही म्हटलं, तर तेही खुल्या मनानं मानावं.

आता सोयीचं. कोपऱ्यावरचा ओळखीचा रिक्षावाला महिन्याच्या हिशेबावर ठरवता येतो. पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग यांचे वाचलेले पैसे वडिलांच्याच हातात राहावेत, म्हणजे भाड्यासाठी सुनेपुढे हात पसरावा लागत नाही. अ‍ॅपवरून रिक्षा मागवायची तर त्यांच्याच फोनवरून, त्यांच्याच हातानं, ओटीपी सांगण्यापर्यंत करून घ्यावी. ‘मी ऑफिसातून बुक करतो’ म्हटलं की पुन्हा विचारणं आलंच. एसटीत पंचाहत्तरीच्या पुढे प्रवास मोफत आहे, पासष्टपासून अर्धं तिकीट. मुलाला वेळ द्यायचा असेल तर वार बांधून द्यावा: शनिवारची संध्याकाळ तुमची, कुठे जायचं ते तुम्ही ठरवा. आणि त्यांची कामं काढून घेऊ नयेत. ‘बाबा, तुम्ही कशाला, भाजी ऑनलाइन येते की’ हे प्रेमानंच म्हटलं जातं. पण त्यानं गाडीबरोबर बाहेर पडण्याचं कारणही जातं.

जपानमध्ये परवाना स्वखुशीनं परत करणाऱ्याला त्याच्या वाहनचालक म्हणून कारकिर्दीचं प्रमाणपत्र मागता येतं, आणि ते दाखवल्यावर पुष्कळ ठिकाणी बस-टॅक्सीत सवलत मिळते. हात रिकामा होऊ न देता परवाना परत घेण्याची ही रीत आहे. आपल्याकडे ते काम घरालाच करावं लागतं.

स्मृतिभ्रंशात मात्र इतका धीर धरून चालत नाही. ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकू लागली, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर यांत गोंधळ होऊ लागला, की किल्ली त्याच दिवशी बाजूला ठेवावी लागते. तिथेही रिक्षावाल्याला त्याच दिवशी सांगून ठेवता येतं.

एरवी क्रम एवढाच पाळायचा, की सोय आधी लागावी आणि किल्ली नंतर जावी. पुष्कळ घरांत किल्ली आधी काढून घेतली जाते आणि सोय राहून जाते. मग वडील घरी बसतात, आणि पाहुण्यांना आपण सांगतो की हल्ली त्यांनाच कुठे जावंसं वाटत नाही.